गाडीत मिळालेले पुस्तक



आपले गायनमंडळ मिस्साच्या वेळी जी मराठी गीते गाते त्यांतील काही गीतांच्या खाली बारीक अक्षरात ना. वा. टिळक असे नाव असते. हे टिळक कोण, लोकमान्यांचे कोणी लागतात का, आणि ते कॅथलिक होते का, असे प्रश्न आम्हाला तरुण मंडळी विचारतात. लोकमान्यांचे आणि त्यांचे आडनाव एक, जात एक, जिल्हाही एकच, रत्नागिरी. कॅथलिक मात्र ते नव्हते. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच मंडळीचे ते पाळक झाले. तरीही आपल्या धर्मग्रामाच्या या पानावर त्यांचे चरित्र द्यावे असे आम्हाला वाटले, याची दोन कारणे आहेत. ख्रिस्ताची आणि त्यांची पहिली ओळख झाली ती आपल्या नागपूरहून सुटलेल्या आगगाडीत, हे एक. दुसरे कारण असे की, कृपा म्हणजे काय हे धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून जेवढे कळत नाही तेवढे या एका माणसाच्या आयुष्यातून कळते.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. आई जानकीबाई भाविक होती, कविता करीत असे. वडील स्वभावाने कडक, तापट. आई लवकर वारली आणि तिच्याबरोबर त्या मुलाचे घरच गेले म्हणायचे. नारायण नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले, थोडे इंग्रजी शिकला, आणि जे मिळेल ते वाचून काढले. बुद्धी विलक्षण होती. संस्कृत श्लोक तो सहज रचत असे, भरसभेत बोलायला उभा राहिला की लोक ऐकत राहत. हे सारे त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवले होते, आणि याची त्याला पुरेपूर जाणीवही होती.

१८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, वय अकराच्या आसपास. सासरचे नाव लक्ष्मी. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्राला माहीत झाल्या. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आपल्या घरी नसेल तर अवश्य आणावे. नवऱ्याचे इतके खरे आणि इतके प्रेमळ चित्र दुसऱ्या कोणत्या बायकोने रेखाटले असेल असे आम्हाला वाटत नाही. त्यात टिळक देवमाणूस म्हणून येत नाहीत. ते येतात एक अस्वस्थ, रागीट, उदार, विसरभोळा माणूस म्हणून. मनात आले की घर सोडून निघून जायचे, बायको माहेरी की सासरी याचा पत्ता ठेवायचा नाही, हाती पैसा आला की तो दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकायचा. कधी शाळामास्तर, कधी पुराण-कीर्तन सांगणारे, कधी छापखान्यात कंपोझिटर, असे एका गावाहून दुसऱ्या गावाला फिरणे चालले होते. काही मुले तान्हेपणीच गेली. अशा संसारात लक्ष्मीबाईंनी काय सोसले असेल याची कल्पना आपल्या माता-भगिनींना आम्ही सांगायला नको.

या भटकंतीत ते १८९१ च्या सुमारास नागपुरात आले. येथील प्रसिद्ध धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांना मिळाले, आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक त्यांनी चालवले. धर्मातील गोष्टी विवेकाने तपासून लोकांसमोर मांडायच्या हा त्या मासिकाचा हेतू. म्हणजे पाहा, तीस वर्षांचा हा विद्वान आपल्या या शहरात धर्मावर लिहीत-बोलत होता, तेव्हा नागपूर धर्मप्रांताची स्थापना होऊन (१८८७) चारच वर्षे झाली होती. बिशप होते, धर्मगुरू होते, धर्मभगिनी होत्या, शाळा होत्या. त्यांची आणि टिळकांची धर्माबद्दल काही गाठ पडल्याचे त्यांच्या चरित्रात दिसत नाही. देवाने त्यांना बोलावले ते आपल्या दारातून नव्हे. ही गोष्ट आपण कॅथलिकांनी जरा मनावर घ्यावी अशी आहे.

त्या काळात टिळकांच्या मनात काय चालले होते? मूर्तिपूजा, जातिभेद, कर्मकांड यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. परंतु देव नाही असे म्हणणाऱ्यांतलेही ते नव्हते. देशावर त्यांचे जिवापाड प्रेम होते. देश एक व्हायचा तर धर्म शुद्ध झाला पाहिजे, आणि असा शुद्ध धर्म कोठे मिळत नसेल तर तो आपणच स्थापन करावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. त्या धर्माची तत्त्वेही त्यांनी ठरवून टाकली होती. ईश्वर एक आहे, सर्व माणसे भावंडे आहेत, देवावरचे प्रेम माणसांवरच्या प्रेमातून दिसते, कोणताही ग्रंथ देवाने उतरवून दिलेला नाही, अशी ती तत्त्वे होती. त्यांतली बरीचशी चांगली होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हीही अशी टिपणे वहीत पुष्कळ केली आहेत, म्हणून हा मोह आम्हाला ओळखीचा वाटतो. अशा धर्मात एकच अडचण असते. त्याचा संस्थापक आपण असतो, गुरू आपण असतो, आणि देवाला करायला काही उरलेले नसते.

नागपूरची नोकरी सुटली आणि १८९३ मध्ये टिळक नव्या नोकरीच्या शोधात राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. नागपूर ते राजनांदगाव ही लोहमार्गाची वाट त्या वेळी फार जुनी नव्हती. आधी तेथे मीटर गेजची नागपूर-छत्तीसगड रेल्वे होती. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती घेऊन १८८८ च्या सुमारास रुंद रुळांची केली. आजचे आपले दगडी स्टेशनही तेव्हा नव्हते, ती इमारत १९२५ ची. पण वाट तीच: कामठी, भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड.

त्या गाडीच्या डब्यात एक गोरा माणूस बसला होता. त्याने टिळकांना जागा करून दिली. साहेबाने नेटिव्ह माणसाला सरकून जागा देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मग बोलणे सुरू झाले, संस्कृत काव्यावर. टिळकांना आवडणारा विषय, आणि समोरचा माणूस जाणून घेण्याच्या इच्छेने ऐकत होता. हळूहळू बोलणे धर्मावर आले. टिळकांनी आपली मते सांगितली असतील, आपला नवा धर्मही सांगितला असेल. त्या माणसाने वाद घातला नाही. त्याने त्यांना सांगितले की देव तुम्हाला तयार करीत आहे, आणि मनापासून शोध घेतलात तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे भाकीत वेडेपणाचे वाटले. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि वाचण्याचे वचन घेतले. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे नाव विचारले नाही. तो प्रवासी म्हणजे या भागात काम करणारे फ्री मेथॉडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड, हे पुढे कळले.

टिळकांना ते पुस्तक दिसायलाही आवडले नव्हते. पण वचन दिले होते आणि दिलेला शब्द पाळणारा तो माणूस होता. महत्त्वाचे वाटेल तेथे खूण करण्यासाठी हातात पेन्सिल घेऊन ते वाचायला बसले, म्हणजे परीक्षकाच्या आसनावर बसले असेच म्हणा ना. मत्तयच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय आला, डोंगरावरील प्रवचन आले, आणि त्या तीन अध्यायांपुढे त्यांचे पाऊल पुढे पडेना. वेदान्ताचे जे प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे सुटत नव्हते त्यांची उत्तरे तेथे सरळ साध्या शब्दांत लिहिलेली होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्या प्रवचनाचा आरंभच कशाने होतो हे आपणास ठाऊक आहे. धन्य कोण, तर जे आत्म्याने दीन आहेत ते. ज्यांच्या हातात देवाला दाखवायला काही नाही ते. नवा धर्म स्थापायला निघालेल्या माणसाला सर्वांत पहिल्यांदा हेच वाक्य आडवे आले.

येथे थोडे थांबून, या सगळ्यात टिळकांचे कर्तृत्व किती होते ते मोजून पाहू. गाडी त्यांनी नोकरीसाठी धरली होती. डबा योगायोगाने मिळाला. पुस्तक त्यांनी मागितले नव्हते. देणाऱ्याचे नाव त्यांना माहीत नव्हते, आणि देणाऱ्याला त्यांचे. त्या काळातल्या त्यांच्या वागण्यात बक्षीस द्यावे असे काय होते, हे लक्ष्मीबाईंना विचारावे. त्यांनी केले ते एवढेच, की पुस्तक उघडले. आणि तेही वचनात सापडल्यामुळे. पवित्र सभेची शिकवण हीच आहे. पाचव्या शतकात पेलाजियस नावाचा एक सज्जन, कडक आचाराचा माणूस म्हणत होता की माणूस स्वतःच्या प्रयत्नाने देवापर्यंत चालत जाऊ शकतो. संत ऑगस्टीनने त्याला आयुष्यभर उत्तर दिले, आणि ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने सांगून टाकले की श्रद्धेची पहिली इच्छासुद्धा कृपेचेच दान असते. आपण पुस्तक उघडतो, होकार देतो, हे खरे. पण त्या होकारामागेही देवाचाच हात असतो. ज्या विषयावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट चारशे वर्षे भांडले, त्यावर १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे लुथरन मंडळींनी आणि आपण एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि २००६ मध्ये मेथॉडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. कृपा कमावता येत नाही, एवढ्यावर तरी आता आपल्यात भांडण उरलेले नाही.

पण कागदावर मिटलेले भांडण घरात मिटते असे नाही. आमचे धर्मग्राम लहान आहे. कोणाचे घराणे कामठीच्या छावणीच्या काळापासूनचे, कोणी वसईहून आलेले, कोणी गोव्याचे, कोणी केरळचे. चार-पाच पिढ्यांचा बाप्तिस्मा ही अभिमानाची गोष्ट आहे यात शंका नाही. परंतु पास्काच्या जागरणविधीत नव्याने बाप्तिस्मा घेतलेला कोणी पुढच्या रविवारी पुढच्या बाकावर येऊन बसला की मागे कुजबुज होते, हे आम्ही वेदीवरून पाहतो. तो कशासाठी आला, कोणामुळे आला, त्याला क्रुसाची खूण तरी नीट येते का. बंधु-भगिनींनो, तान्हेपणी आपल्याला मंदिरात आणले तेव्हा आपल्याला तरी काय येत होते? आपणही कोणाच्या तरी हातांवरून आलो. टिळकांना डब्यात पुस्तक मिळाले आणि आपल्याला पाळण्यात, एवढाच फरक.

राजनांदगावला टिळकांना नोकरी मिळाली. पुढची दीड-दोन वर्षे फार ओढाताणीची गेली. मनाने ते ख्रिस्ताचे झाले होते, पण उघड बोलण्याचे धैर्य होत नव्हते. टोपणनावाने लिहिणे, मुंबईच्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती पत्राशी संबंध जोडणे, मित्रांशी गुपचूप चर्चा करणे असे चालू राहिले. लोकांना संशय आला, तिरस्कार सुरू झाला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणा साहेबाच्या हातून न घेता एका भारतीय पाळकाच्याच हातून घ्यायचा हा त्यांचा आग्रह होता, आणि तो पुरा झाला. वॉर्ड यांनी सांगितलेली दोन वर्षांची मुदत संपायच्या आतच हे घडले.

आता या कथेतली अवघड बाजू. बाप्तिस्म्याची बातमी लक्ष्मीबाईंना नवऱ्याच्या तोंडून कळली नाही. जिच्या माहेरी सोवळ्या-ओवळ्याचा कहर होता, जिला नवऱ्याशिवाय आधार नव्हता, अशा सत्तावीस वर्षांच्या बाईवर हे आकाशच कोसळले. पदरी लहान दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. चार-पाच वर्षे ती दोघे वेगळी राहिली. लक्ष्मीबाई बहिणीच्या आश्रयाने पंढरपुरात दिवस काढीत होत्या, तिकडून टिळकांची पत्रे येत होती. चरित्रकार कधी कधी या भागावरून घाईने पुढे जातात, जणू ख्रिस्तासाठी घर सोडले म्हटले की हिशेब पुरा झाला. आम्हाला तसे वाटत नाही. टिळकांनी ख्रिस्ताला हो म्हटले ते योग्यच केले. बायकोला विश्वासात न घेता म्हटले यात मात्र त्यांचा जुनाच स्वभाव दिसतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याने पाप धुतले जाते, स्वभावाचे कोपरे मात्र बरेच दिवस तसेच राहतात. प्रत्येक पापनिवेदनाच्या वेळी आपण त्याच त्या चार पापांची यादी का वाचतो, याचेही उत्तर यातच आहे. आणि देव त्याच त्या चार पापांची क्षमा पुनःपुन्हा करीत राहतो, ही कृपा.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे परत आल्या, पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती वस्तीत राहूनही त्या आपले सोवळे सांभाळीत होत्या, आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. रागीट माणसाने धर्माच्या बाबतीत राखलेला हा संयम आम्हाला त्यांच्या कोणत्याही कवितेपेक्षा मोठा वाटतो. आपल्याला कोणी ढकलले नव्हते, केवळ पुस्तक देऊन उतरू दिले होते, हे ते विसरले नसावेत. लक्ष्मीबाईंचे मन वादाने बदलले नाही. देवाने माणसे केली, मग जाती कोणी केल्या, हा प्रश्न त्यांना एके दिवशी आपसूक पडला, आणि त्याचे उत्तर मिळताच शिवाशिव गळून पडली. ज्यांच्या सावलीला त्या घाबरत होत्या त्यांच्या हातचे त्या खाऊ-पिऊ लागल्या. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. टिळकांना बुद्धीच्या शिखरावरून खाली यावे लागले, लक्ष्मीबाईंना सोवळ्याच्या ओट्यावरून. दोघांनाही उतरावेच लागले.

अहमदनगरच्या काळाबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण ते मराठीच्या पुस्तकांत आपण वाचलेच असेल. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची कीर्ती झाली. १९०७ मध्ये जळगावला जे पहिले कविसंमेलन भरले ते त्यांच्या पुढाकाराने. बालकवी ठोंबरे हे तेथे चमकलेले पोर पुढे टिळकांच्या घरातलेच झाले. लक्ष्मीबाईंनी त्या हट्टी पोराला आईच्या मायेने सांभाळले. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते. मंडळीत त्यांनी कीर्तन आणले, अभंग आणले, ओवी आणली. त्याआधी मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली गीते फार. टाळ-मृदंगावर येशूचे नाव घेता येते हे टिळकांनी दाखवून दिले. आपल्या सभेतही, विशेषतः दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, मराठी गीते रुजली तेव्हा या वाटेचा उपयोग आपल्याला झालाच.

तुकाराम महाराजांविषयी टिळकांना अपार आदर होता. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. काही ख्रिस्ती मंडळींना हे तेव्हाही खटकले आणि आजही खटकते. आम्हाला मात्र यात कृपेचाच धागा दिसतो. आपल्या पदरी पुण्य नाही, आपण याती हीन, देवानेच उचलून घ्यावे, हा तुकोबांचा स्वर ज्याच्या कानात लहानपणापासून घुमला त्याला मंदिरात मागे उभा राहून छाती बडवणारा जकातदार लूकच्या शुभवर्तमानात भेटला तेव्हा अनोळखी वाटला नसेल. परुशी त्याला अधिक जवळचा होता, ही गोष्ट वेगळी. ‘अभंगांजली’तील रचना वाचताना हे जाणवते. तेथे पंडित कोठे दिसत नाही. दिसते ते गुरूच्या पायाशी बसलेले मूल. आपले काही उरू नये, तोच उरावा, ही त्या अभंगांतली मागणी आहे.

ही मागणी त्यांनी कवितेतच ठेवली नाही. १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचे वेतन आणि घडी बसलेले काम सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला जाऊन राहिले. तेथे ‘देवाचा दरबार’ या नावाने त्यांनी एक बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे अनुयायी त्यात एकत्र यावेत अशी कल्पना होती. कॅथलिक धर्मगुरू म्हणून आम्हाला येथे थोडे अडखळायला होते. संस्कार ही ख्रिस्तानेच दिलेली देणगी आहे. नम्र माणसाने देणगी घ्यावी, तिच्याशिवाय चालेल असे म्हणू नये. जुना धर्मसंस्थापक टिळकांच्या आत पुन्हा डोके वर काढत होता काय, अशीही शंका मनात येते. पण एक फरक दिसतो. नागपुरात असताना त्यांनी योजलेल्या धर्मात गादीवर कोणी नव्हते, म्हणजे तेच होते. साताऱ्याच्या दरबारात गादी ख्रिस्ताची होती आणि टिळक दारात उभे होते.

हा दरबार फार काळ चालला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले. त्या वेळच्या ख्रिस्ती समाजात ही नवलाची गोष्ट होती; आपल्या पवित्र सभेने दहनाला मोकळीक दिली ती १९६३ मध्ये.

मागे एक मोठे काम अपुरे राहिले होते. प्रभू येशूचे संपूर्ण चरित्र मराठी ओवीबद्ध काव्यात लिहायचे टिळकांनी १९०९ मध्ये मनावर घेतले होते, नाव ‘ख्रिस्तायन’. दहाएक अध्याय झाले आणि लेखणी थांबली. एवढा पंडित, एवढा कवी, आणि ते काम काही त्यांच्या हातून पुरे झाले नाही. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला शाळेची पायरी माहीत नव्हती, जिला अक्षरओळख नवऱ्याने घरी करून दिली, जोडाक्षरांशी जिचे आयुष्यभर भांडण होते, आणि जिला नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी परक्यांकडून ऐकावी लागली होती, तिने उतारवयात एकामागून एक चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या वारल्या. दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, १९३८ मध्ये तो ग्रंथ छापून काढला, त्यावर आई आणि वडील दोघांचीही नावे आहेत.